मानपानाच्या साडीवर मानवाधिकार

माझ्या बहिणीच्या सासूबाई तिच्या सुपारीच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी मानवाधिकार खांद्यावर घेऊन वरण-बट्टी जेवल्या. त्यात माझा थोडाफार हात होता, हे मी नाकारत नाही.

आमच्या घराण्यात बी. ए., बी. एड. झालेला मी पहिला. माझे वडील, म्हणजे आप्पा, सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या करायचे. घरी आले की त्यांच्या हातांकडे पाहून मला कळायचं, सध्या बाजारात कुठला रंग चाललाय. त्या हातांनी मला शिरपूरकडे मामांच्या घरी ठेवून शिकवलं आणि मी परत सुरतेला येऊन मराठी शाळेत शिक्षक झालो. या उपकारांची फेड कशी करावी, हा विचार माझ्या मनात कायम असतो. घरच्यांचं म्हणणं असं की विचार केलास तेवढा पुरे, फेडायला जाऊ नकोस. कारण मी काही फेडायला गेलो की घरातलं काहीतरी फाटतं!

त्या वर्षी मानवाधिकार दिन जवळ आला आणि मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या बैठकीत विचारलं, "यंदा काहीतरी वेगळं करू या. कोणाला काही सुचतंय?"

सुचलेलं असूनही गप्प बसायची कला बाकीच्या शिक्षकांना अवगत आहे. मी हात वर केला.

"हक्कांची वलणी, सर!"

"म्हणजे?"

"लोकांकडून वापरलेले कपडे दान म्हणून गोळा करायचे. शाळेच्या फाटकापासून चौकापर्यंत दोरी बांधून ते वाळत घालायचे. प्रत्येक कपड्यावर रंगानं एकेक मानवाधिकार लिहायचा. येणारे-जाणारे वाचतील, जागृती होईल. कार्यक्रम संपला की कपडे गरजूंना वाटून टाकायचे!"

मुख्याध्यापक खूश झाले. मी त्याच उत्साहात घोषवाक्यही ऐकवलं. "माणसाचे कपडे काढून घेता येतात, हक्क नाही!"

सर म्हणाले, "पाटील, घोषवाक्य चांगलं आहे. फक्त त्याचा पहिला अर्धा भाग काढून टाका."

कपडे गोळा करायची सुरुवात मी बमरोलीतल्या आमच्याच सोसायटीपासून केली. पहिल्याच दारात माझ्या लक्षात आलं की मी अर्थशास्त्राच्या विरोधात उभा आहे. आमच्याकडे जुना कपडा ही टाकाऊ वस्तू नसते. ती अर्धवट झालेली भांडी असतात! बोहारीण येते, साड्या-पँटी मोजते, घासाघीस होते आणि सहा साड्यांचं एक पातेलं बनतं.

"कपडे देते की सर," शेजारच्या सोनवणेवहिनी म्हणाल्या, "पण बदल्यात काय देणार?"

"जागृती!"

"अस्सं. आणि ती ठेवायची कशात?"

पलीकडच्या गुजराती काकी तर गठ्ठा हातात घेऊनच बाहेर आल्या होत्या. माझ्या हातात भांड्यांची टोपली नाही असं पाहून त्यांनी गठ्ठा पुन्हा छातीशी धरला. "कपडां तो आपीए भाई, पण वासण शुं आपशो?"

वासण, म्हणजे भांडं, माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे पत्रक होतं. काकींनी पत्रक घेतलं आणि त्याच्यावर लगेच मेथी निवडायला घेतली.

दोन संध्याकाळी दारोदार फिरून मला मिळालं ते असं: बोहारणीनेही नाकारलेल्या काही पँटी, एका पायाचा पायजमा, दोन विरोधी पक्षांचे प्रचाराचे टी-शर्ट (एकाच घरातून) आणि बनियनचा एक मोठा ढीग. या बनियनना भोकं होती असं म्हणणं बरोबर नाही. भोकांना थोडंथोडं बनियन होतं! त्यावर 'जगण्याचा अधिकार' लिहायला गेलं तर 'ज' नंतर थेट खालचा बाक दिसायचा.

शेवटी घरच्याच कपाटामागचं मोठं गाठोडं मी ओढलं. आई ओट्याजवळून ओरडली, "ओ युवराज! कसाले हात लावी राह्यना?"

(माझं नाव युवराज आहे. खानदेशात प्रत्येक भाऊबंदकीत एक तरी युवराज असतो. राज्य कोणाकडेच नसतं.)

"जुने कपडेच आहेत ना आई?"

"ते कपडा नही शेतस, ते मन्हं घमेलं शे!"

वर्षभर जमवलेलं घमेलं होतं ते. मी गाठोडं खाली ठेवलं.

इथे माझी धाकटी बहीण ज्योतीबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्यात पणाला लागलेलं होतं ते तिचंच. ज्योती उधन्याच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लोकांची रक्तं तपासते आणि घरी येऊन आमची आटवते. तिचं लग्न इच्छापोरला एका कंपनीत सुपरवायजर असलेल्या राहुलशी ठरत आलं होतं. मुलगा तिला आवडला होता, तिचं काम तिला त्याहून जास्त आवडत होतं. पण बघण्याच्या कार्यक्रमात राहुलचे वडील चहाचा कप बशीत ठेवता ठेवता म्हणाले होते, "आमच्याकडे काही कमी नाही. लग्नानंतर मुलीला नोकरीची गरज पडणार नाही." असं म्हणून ते हसले. मग सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. व्याह्यांच्या विनोदाला हसायचं असतं, एवढं व्यवहारज्ञान मला आहे.

ज्योती हसली नव्हती. त्या दिवसापासून ती माझ्या मागे होती.

"दादा, बोललास त्यांच्याशी नोकरीचं?"

"बोलतो गं. योग्य वेळी."

"रविवारी सुपारी आहे. सुपारी फुटल्यावर बोलून काय उपयोग?"

"हे नाजूक विषय असतात. घाईनं बिघडतात. मी रोज मुलांना हक्कांवर शिकवतो, मला कळतं कसं मांडायचं ते."

"हां, मुलांना बरोबर शिकवतोस," ती म्हणाली. "मुलांच्या घरी मुलगी नाही द्यायची ना तुला!"

मी हे मनाला लावून घेतलं नाही. डोक्यात वलणी होती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरी आलो. आई भजनी मंडळाला गेली होती आणि माझी बायको वंदना बाजारात. घरात मी आणि दिवाण. आणि त्या दिवाणाच्या पोटात, गाद्यांखाली, प्लास्टिकच्या पिशव्यांत घडी घातलेल्या नव्या कोऱ्या साड्या! आहेरात आलेल्या, आहेरात जायच्या.

आता माझा युक्तिवाद वाचकांनी शांतपणे ऐकावा. आहेराची साडी कोणी नेसत नाही. ती फक्त फिरते. एका लग्नात येते, दुसऱ्या बारशात जाते, तिसऱ्या वास्तुशांतीला भेटते. आम्ही दोंडाईच्याच्या लग्नात दिलेली एक जांभळी साडी पुढे आमच्याच घरी परत आली होती, त्याच पिशवीत, त्याच टाचणीसकट! जी वस्तू कोणी उघडतच नाही तिच्यावर काय लिहिलंय याने काय फरक पडतो? आणि रविवारच्या मानपानासाठी आई नव्या साड्या आणेलच. सुरतेत राहून कोणी साड्या आधी आणून ठेवतं का? इथे खिडकीतून हात बाहेर काढला तरी साडी लागते!

मी वरच्या चार साड्या उचलल्या.

शाळेत मुलं रंगवत होती. मुलांचं अक्षर उत्साही असतं. 'समानतेचा अधिकार' लिहिताना 'समान' एवढं मोठं व्हायचं की 'अधिकार' बाहीत जाऊन बसायचा. मी ज्योतीला फोन केला, कारण तिचं अक्षर फार सुंदर आहे. लॅबमधून सुटल्यावर ती आली. साड्या पाहून जागीच थांबली.

"दादा, या कुठून आणल्यास?"

"घरच्याच. दिवाणात पडून होत्या."

"आईला विचारलंस?"

"ती काय नेसणार आहे?"

ज्योतीने पोपटी साडी उचलली. हातात उलटीपालटी केली. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा साडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. ही मी लिहिते. तू बाकीच्या बघ."

वर्गाच्या कोपऱ्यात पाठ करून बसली आणि मन लावून लिहीत राहिली. माझं मन भरून आलं. बहिणीला समाजकार्याची गोडी लागली!

रंग मी मुद्दाम चांगल्यातला आणला होता. दुकानदार म्हणाला होता, कपडा जाईल, रंग जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी वलणी झकास झाली. वाऱ्यावर हक्क फडफडत होते. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून मुद्दाम आले होते. प्रत्येक कपड्यापाशी थांबून, हात मागे बांधून वाचत होते. एका शर्टापाशी बराच वेळ थांबले. त्यावर लिहिलं होतं, 'कामाचे तास आठ'.

"आठ?" आप्पा म्हणाले. "मंग बाकीना चार तास कोठे ठेवाना?"

मी त्यांना बसायला खुर्ची दिली.

प्रमुख पाहुणे एक गिरणीमालक होते. (ते शाळेला दरवर्षी पंखे देतात, त्यामुळे कुठल्याही विषयावर तेच प्रमुख पाहुणे असतात.) त्यांनी फीत कापली, वलणीखालून चालत निघाले आणि माझ्या एका साडीपाशी थबकले. मी सरसावून उभा राहिलो. आता हृदयपरिवर्तन होणार! त्यांनी पदर दोन बोटांत धरला, चोळला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "जॉर्जेट छे. पण प्रिंट सारी नथी." कापड पटलं होतं, छपाई पटली नव्हती.

त्यानंतर वाटपाचा कार्यक्रम होता. शाळेसमोरच्या खोल्यांत लूमवर काम करणारी मंडळी राहतात. मी माइकवरून त्यांना बोलावलं. ती आली, वाचू लागली आणि एकेक पाऊल मागे सरकू लागली. मी एका तरुणाच्या हातात 'कामाचे तास आठ' शर्ट कोंबला.

"घ्या ना! कापड चांगलं आहे."

"कापड चांगलं आहे सर. पण हा घालून पाळीवर गेलो तर शेठ विचारेल, आठ तासांनी घरी जायचंय का? जा मग, कायमचाच जा!"

सगळे हसले. त्याने शर्ट नीट घडी घालून मला परत दिला. वर विचारलं, "कोऱ्यातलं काही आहे का?"

थोडक्यात, गरजूंना कपडे हवे होते, हक्क नको होते. हक्क काढून कपडे देता येत नव्हते. दुकानदाराने रंगाबद्दल खरं सांगितलं होतं!

साड्याही तशाच परत आल्या. आईला काय सांगायचं? ज्योतीनेच मला सोडवलं. "दे इकडे. मी घडी घालते." तिने लिहिलेली बाजू आत जाईल अशा बेताने घड्या घातल्या, चारही साड्या पिशव्यांत सरकवल्या, टाचण्या लावल्या. नव्याहून नव्या दिसू लागल्या! आम्ही त्या दिवाणात होत्या तशा ठेवून दिल्या. माझ्या मनात तर एक उदात्त विचारही येऊन गेला. आता या साड्या बारशाबारशातून फिरत खानदेशभर मानवाधिकार घेऊन जातील. कोणी उघडणार नाही, ही एवढीच अडचण.

रविवार उजाडला. सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव, खुर्च्या, कोपऱ्यात बट्ट्यांचा धूर. इच्छापोरहून पाहुणे आले. राहुलचे वडील पुढे, मागे त्याची आई, आणि तिच्याही मागे राहुलची आत्या. या आत्याबाईंच्या मागे कोणी चालू शकत नाही, कारण त्या दर दोन पावलांनी थांबून एखादी रीत सांगतात.

सुपारी फुटायच्या आधी विहिणीचा मान. आई घरातून ताट घेऊन आली. ताटात नारळ, हळद-कुंकू आणि पोपटी साडी!

माझ्या पायाखालचा मांडव सरकला. मी धावत वंदनाकडे गेलो. ती पापड तळत होती.

"अगं, ती साडी बदल!"

"का?"

"तिच्यावर हक्क आहेत."

"कोणाचे?"

"सगळ्यांचे!"

"अहो, सकाळपासून काही खाल्लं नाहीत का?" वंदना म्हणाली. "आईंनी महिन्यापूर्वीच आणून ठेवलीय ती, विहीणबाईंसाठी खास. मी आणि ज्योतीच गेलो होतो बरोबर."

मी ज्योतीकडे पाहिलं. ती पाटावर मान खाली घालून बसली होती. नवरी मुलीनं जशी घालावी तशी. अगदी तश्शी!

पोपटी साडीवर काय लिहिलंय हे मला माहीतच नव्हतं; वलणीवरही ज्योतीने ती लिहिलेली बाजू भिंतीकडे करून टांगली होती. बाकीच्या तीन माझ्यासमोर लिहिल्या गेल्या होत्या. 'मला मारहाण करू नका' हे निळीवर होतं ना? की पोपटीवर? विहीणबाईंच्या पाठीवर 'मला मारहाण करू नका' आलं तर व्याह्यांनी तोंड कुठे लपवायचं? मी आईच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

"आई, ताट दे. मी... मी जरा नारळ बदलतो."

"तुले काय व्हयनं? बाजूले सरक!"

आईने कुंकू लावलं, ओटी भरली, साडी विहीणबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती कपाळाला लावली आणि पिशवीत टाकायला म्हणून वाकल्या. सुटलो! मी मनातल्या मनात सगळ्या देवांना नारळ कबूल केले. आहेराची साडी कोणी उघडत नाही. माझा युक्तिवाद बरोबर होता!

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्यात विहिणीचं लुगडं घडीबंद नेत नाहीत. घडी मोडायची, खांद्यावर घ्यायचं, मगच सुपारी फुटते."

"नको!" मी ओरडलो.

सगळा मांडव माझ्याकडे वळला.

"म्हणजे... नाजूक साडी आहे. वारा आहे. घरी जाऊन आरामात..."

"मास्तर," आत्याबाईंनी विचारलं, "साडी तुम्ही नेसणार आहात का?"

हशा पिकला. आत्याबाईंनी टाचणी काढली, एका झटक्यात घडी मोडली आणि साडी विहीणबाईंच्या पाठीवरून दोन्ही खांद्यांवर पसरली.

हशा थांबला.

पोपटी रंगावर लालभडक, गोल, सुंदर अक्षर. विहीणबाईंना पाठ दिसत नव्हती. त्यांना फक्त पाठीमागची शांतता ऐकू येत होती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "भोक आहे का?"

सगळे वाचत राहिले.

"अहो, काय आहे मागं?"

"काही नाही," व्याही घाईघाईने म्हणाले. "डिझाइन आहे."

"डिझाइनला एवढं काय बघतायत सगळे?"

आता आत्याबाईंना राहवेना. लहानपणी शाळा सुटली, पण सुना आल्यावर त्यांच्याकडून वाचायला शिकल्या, याचा त्यांना रास्त अभिमान आहे. दिसेल ती पाटी त्या मोठ्याने वाचतात. त्यांनी बोट ठेवलं आणि सुरू केलं. "लग्ना... नंतर... ही... नोकरी... करायचा... मला... हक्क..." इथे अर्थ त्यांच्यापर्यंत पोचला. पण वाचायला घेतलेलं अर्धं सोडतील तर त्या आत्याबाई कसल्या! "...आहे," त्यांनी हळू आवाजात संपवलं.

आईने कपाळावर हात मारला. आप्पा पुढे झाले, साडीचं टोक हातात घेतलं, अंगठा ओला करून अक्षरावर घासला. आयुष्यभर डाईंगमध्ये काम केलेल्या माणसाची ती सवय होती. अंगठा पाहून आप्पा पुटपुटले, "रंग पक्का शे."

विहीणबाईंनी साडी काढली, समोर धरली, स्वतः वाचली. मग विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

साहजिकच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिक्षक. मी मानवाधिकारवाला. आयुष्यभर ज्या क्षणाची मी तयारी केली तो हाच! मी घसा साफ केला. राहुलचे वडील डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होते.

"त्याचं असं आहे," मी म्हणालो, "वरण गार होतंय."

"मी लिहिलं," ज्योती म्हणाली. मान वर करून, सरळ. "दादा बोलणार होता तुमच्याशी. योग्य वेळेची वाट बघत होता. सुपारी फुटायची वेळ आली, त्याची आली नाही. म्हणून मी लिहिलं. मला लॅबचं काम सोडायचं नाही. चालणार नसेल तर आत्ताच सांगा, सुपारी अजून अख्खी आहे."

एक स्थळ, वर्षभराची बोलणी, मांडव, पन्नास माणसांचा स्वयंपाक, आणि आईची ती इच्छा, की मुलगी सुरतेतच राहावी, डोळ्यांसमोर. सगळं त्या साडीला लटकलं होतं. वाळत घातल्यासारखं.

विहीणबाई पदर बोटांभोवती गुंडाळत राहिल्या. मग नवऱ्याकडे वळल्या.

"काय हो, मी नंदुरबारला बालवाडीत शिकवायचे, आठवतं?"

"आता ते कशाला..." व्याही म्हणाले.

"तुमचे वडील म्हणाले होते, गरज पडणार नाही. चहा पीत पीतच म्हणाले होते. सगळे हसले होते." त्यांनी साडीवरून हात फिरवला. "मग तुमची मिल बंद पडली तेव्हा घरात पिको-फॉल करत कोण बसलं होतं? माझ्या सुपारीत कोणी असं लिहून दिलं नाही."

"आई, मला चालेल," राहुल पहिल्यांदाच बोलला. "मी तर आधीपासूनच..."

"आधीपासून होतं तर आधी बोलायचं!" विहीणबाई म्हणाल्या. "आता तुला कोणी विचारलेलं नाही."

(मला एकदम राहुलबद्दल आपुलकी वाटली. आमच्या दोघांत बरंच साम्य आहे.)

विहीणबाईंनी साडी पुन्हा खांद्यावर घेतली. अक्षरं बाहेरच्या बाजूला येतील अशी, नीट सारखी करून. "फोडा सुपारी," त्या म्हणाल्या. "मुलगी कामाला जाईल. आणि अक्षर फार चांगलं आहे हो हिचं."

सुपारी फुटली! आई रडली, वंदना हसली, आप्पांनी डोळे पुसले आणि सांगितलं, धूर लागला. विहीणबाई ती साडी तशीच खांद्यावर घेऊन पंगतीत बसल्या. वाढणारा प्रत्येक जण त्यांच्या मागून जाताना हक्क वाचायचा आणि बट्टीवर जरा जास्त तूप घालायचा.

आत्याबाईंचा मान राहिला होता. आईने दिवाणातली पुढची साडी काढली तर आत्याबाईंनी ती पिशवीतच अडवली. "आधी सांगा, माझ्यावर काय लिहिलंय?" घडी मोडली. निघालं, 'माझं मत गुप्त आहे.' आत्याबाईंचं कुठलंही मत आजवर गुप्त राहिलेलं नाही. पण साडी त्यांना इतकी आवडली की ती खांद्यावर घेऊन त्यांनी पंगतीत सगळ्यांना आपली मतं सांगितली.

आई माझ्याशी चार दिवस बोलली नाही. शाळेत मात्र मुख्याध्यापकांनी माझा सत्कार केला, 'हक्कांसाठी निर्भीडपणे आवाज उठवणारे शिक्षक' म्हणून. ज्योती पहिल्या रांगेत बसली होती. 'निर्भीड' या शब्दाला तिने सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या.

हे सगळं इथेच गोड झालं असतं. पण लग्नाची तारीख धरायच्या बैठकीआधी व्याह्यांचा मला फोन आला. आवाज एकदम मधाळ. "मास्तर, आमची मागणी काहीच नाही बरं का. पण राहुलला इच्छापोरला पाळीवर जायला फार त्रास होतो. एखादी गाडी... म्हणजे तुमच्या मनात आलं तर. आमच्या घरात मात्र हे बोलू नका, आपल्या आपल्यात असू द्या."

मी "हो हो, बघू, बघू" म्हणालो. (सवय.) फोन ठेवल्यावर मात्र रक्त खवळलं. मी ताडकन उभा राहिलो आणि घरात जाहीर केलं, "हे चालणार नाही! हा कायद्याने गुन्हा आहे! मी बोलतो त्यांच्याशी. स्पष्ट! तोंडावर! फक्त जरा योग्य..."

"दादा," ज्योती म्हणाली, "तू बस. तू काही बोलू नकोस. तू फक्त एक कोरी साडी आण."

मी मुकाट्याने मार्केटात गेलो. दुकानदाराने गादीवर बसवलं, चहा मागवला आणि भराभर साड्या उलगडायला घेतल्या.

"बोलो भाई, कोना माटे जोईए?"

"बहिणीच्या सासऱ्यांसाठी," मी म्हणालो.

त्याचा हात हवेतच थांबला.

"फिक्या रंगाची दाखवा," मी म्हणालो, "आणि अगदी प्लेन. समोर बसलेल्यांना चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजे."